आमवातात हातांची कामे कशी सांभाळावीत

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, हा वयोमानाने होणाऱ्या झिजेचा आजार नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि बोटे व मनगटे यांना बहुधा आधी झळ लागते. सकाळी सांधे तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ आखडलेले राहतात, त्यामुळे कामांची आखणी त्या वेळेपासूनच करावी लागते.

सोलापुरात सकाळ ज्वारीच्या भाकरीने सुरू होते आणि नेमके तेच काम या हातांना जड जाते. उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची हळूहळू उघडमीट करावी, आणि पीठ मळताना जोर बोटांवर न देता तळव्यावर द्यावा. कडक भाकरी टिकते, म्हणून दुपारी हात मोकळे झाल्यावर ती करून ठेवणे अधिक शहाणपणाचे. घरातल्या पुरुषांनी भाकरी थापायला शिकावे, हेही इथे सांगून ठेवतो.

पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे त्या दिवशी घागरी उचलण्याची घाई उडते. नळाला पाइप लावून भांडी जागेवरच भरावीत. उचलणे टळतच नसेल, तर कळशी अर्धीच भरून दोन्ही तळव्यांनी अंगाजवळ धरावी. बादलीची कडी बोटांत अडकवू नये.

विड्या वळणाऱ्या स्त्रियांना मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, तेव्हा त्यांना नुसते 'आराम करा' म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी पाने कापणे आणि विडी वळणे आलटून पालटून करावे, अधूनमधून बोटे सरळ करावीत आणि कात्रीच्या कड्यांना कापड गुंडाळून पकड जाड करावी. सांधा सुजून गरम झाला असेल, त्या दिवशी मात्र त्याला विसावा द्यावाच.

डॉक्टरांनी आमवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध दिले असेल, तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावे. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नये, आणि रक्ततपासणीही चुकवू नये. मूल हवे असल्यास डॉक्टरांना काही महिने आधी सांगावे. नाव नसलेल्या औषधी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असल्यास ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. औषध चालू असताना ताप, तोंडात फोड किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.