पणत्यांच्या उजेडात ब्लॅक अँड व्हाइट फोटो: या चुका टाळा

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर पणत्या लावणाऱ्यांच्या जोडीला कॅमेरेवाल्यांचीही झुंबड असते. घरी येऊन फोटो उघडले की नॉइज, म्हणजे कमी उजेडातले दाणेदार ठिपके, दिसतो. मग सगळे ब्लॅक अँड व्हाइट करून ‘ग्रेन (फिल्मसारखे दाणे) मस्त आलाय’ म्हणायचं! ही पळवाट फार चालत नाही.

सगळ्यात मोठा घोळ उजेडाच्या रंगाचा. तेलाच्या ज्योतीचं कलर टेंपरेचर (उजेड किती पिवळा की निळा, याचं माप) साधारण १९०० केल्विन, म्हणजे त्यात निळा प्रकाश जवळजवळ नसतोच. चेहरा ‘नॉर्मल’ दिसावा म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगाचा झुकाव) दुरुस्त केलात, की सॉफ्टवेअर त्या उपाशी निळ्या चॅनेलला (फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळ्याला) कितीतरी पटीने फुगवतं, आणि त्याबरोबर नॉइजही. रंग काढून टाकला तरी गालावरचे डाग राहतातच. फोटो पिवळाच राहू द्या आणि तसाच ब्लॅक अँड व्हाइट करा. सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल मिक्सर (ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणता थर किती घ्यायचा ते ठरवणारं साधन) असेल तर निळा शून्यावर ठेवा. उरलेलं सगळं लाल चॅनेलला देण्याचा मोहही आवरा. त्वचा गुळगुळीत दिसते खरी, पण बाईच्या कपाळावरचं कुंकूच गायब होतं, कारण लाल चॅनेलमध्ये कुंकू आणि कातडी जवळपास सारखीच उजळ. हिरवा वाढवत गेलात की कुंकू गडद होत परत येतं. या खटपटीसाठी रंगाची माहिती हाताशी हवी, म्हणून रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, सगळी माहिती राखणारी फाइल) मध्येच शूट करा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोनोक्रोम (ब्लॅक अँड व्हाइट) प्रीव्ह्यू खुशाल ठेवा.

दुसरी चूक म्हणजे आयएसओची (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्या आकड्याची) भीती. ८०० वर काळपट फोटो काढून नंतर उजळवण्यापेक्षा ३२०० वर नीट एक्स्पोज केलेला बहुतेक कॅमेऱ्यांत स्वच्छ निघतो. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवरही भरवसा ठेवू नका. फ्रेममध्ये ज्योती जास्त असल्या तर तो चेहरे काळे करतो, काळं पाणी जास्त असलं तर ज्योतीचे पांढरे गोळे करतो. स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधल्या एका छोट्या ठिकाणाचाच उजेड मोजून) गाल मोजा, मॅन्युअलवर या. ज्योत जळून पांढरी होणारच, ती सोडून द्या.

फोकस ज्योतीवर नको, पणतीच्या काठावर धरा. ऑटोफोकसचा मदतनीस दिवा मात्र बंद! पूजेला बसलेल्यांच्या तोंडावर तो मारणं हा निव्वळ असभ्यपणा आहे.

घाटावरच्या विजेच्या दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

फिल्मवाल्यांसाठी वेगळी सूचना. इलफर्ड एचपी५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर लांब एक्स्पोजर देताना मीटरने १० सेकंद सांगितले तर सुमारे २० द्या, नाहीतर निगेटिव्ह पातळ येते. आणि १६०० ला पुश केल्याने (फिल्म १६०० आयएसओची समजून फोटो काढून डेव्हलपिंग लांबवल्याने) सावलीतला तपशील परत येत नाही, फक्त कॉन्ट्रास्ट वाढतो. घाटाच्या पायऱ्या दिसायला हव्या असतील तर ट्रायपॉड न्या.