विमानतळावरील स्कॅनर आणि फिल्मचे रोल : या चुका टाळा

न धुतलेला रोल चेक-इन बॅगेत ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या सामानाच्या तपासणीत हातातल्या सामानाच्या जुन्या एक्स-रे यंत्रांपेक्षा बरेच तीव्र किरण वापरले जातात, आणि फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडचे कण क्ष-किरणांनाही प्रकाशासारखाच प्रतिसाद देतात. माझा ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) एक कृष्णधवल रोल असाच गेला. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली, तेव्हा एरवी जवळजवळ पारदर्शक दिसणारी कड राखाडी झाली होती आणि एक नागमोडी पट्टा एका चौकटीतून दुसरीत सरळ गेला होता. कॅमेऱ्यातून प्रकाश शिरला असता, तर डाग बहुधा कडेपासून सुरू होऊन आत पसरला असता. पट्टा नसून नुसताच एकसारखा करडेपणा असेल, तर आधी रोलची मुदत तपासावी, कारण जुनी फिल्मही अशीच काळवंडते. स्कॅन करताना काळा रंग गडद करून चित्र थोडे सावरता येते, पण सावलीतला हरवलेला तपशील परत येत नाही.

केबिन बॅगेत रोल सुरक्षित असतात, हा समजही आता मोडीत काढायला हवा. जुन्या यंत्रातून कमी आयएसओचा रोल एकदोनदा गेल्याने सहसा बिघडत नाही, मात्र परिणाम दर खेपेला साठत जातो. बॅगेची अनेक बाजूंनी क्ष-किरण प्रतिमा घेणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरची गोष्ट वेगळी आहे : त्यातून एकदा गेलेली फिल्मही खराब होऊ शकते, असा इशारा खुद्द कोडॅकने दिला आहे. बॅगेतून लॅपटॉप बाहेर काढायला सांगत नसतील, तर समोरचे यंत्र सीटी असण्याची शक्यता मोठी.

क्ष-किरण अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या पिशवीवर भिस्त ठेवू नये. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की कर्मचारी बॅग पुन्हा यंत्रात घालतात किंवा उघडायला लावतात.

त्याऐवजी रोल खोक्यांतून व डब्यांतून काढून पारदर्शक झिप पिशवीत ठेवावेत, रांगेत गर्दी नसताना पोहोचावे आणि पिशवी पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच हाताने तपासण्याची विनंती नम्रपणे करावी. अमेरिकेत ती सहसा मान्य होते. अन्यत्र नकारही मिळतो. शीट फिल्मचा (रोलऐवजी सुट्या पानांच्या रूपातल्या फिल्मचा) डबा उजेडात उघडू नये, हे आधीच स्पष्ट सांगावे.

कॅमेऱ्यातला अर्धा रोल आणि इन्स्टॅक्स या झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याची ८०० आयएसओची काडतुसे हमखास विसरली जातात. प्रवासाआधी रोल संपवून गुंडाळून घ्यावा, आणि परतीची धास्ती असेल तर तो तिथेच धुऊन घ्यावा, कारण धुतलेल्या निगेटिव्हला स्कॅनरचा काहीही त्रास होत नाही.