फ्लेअर करताना नजर कुठे ठेवायची?

फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू उचलून विमान सपाट करणं. त्यात शिकाऊ वैमानिकांचा नेहमीचा घोळ: विमान धावपट्टीच्या आठ-दहा फूट वरच सपाट होतं आणि मग धपकन आदळतं, नाहीतर नाक उचलायलाच उशीर होतो. बहुतेक वेळा नजर चुकीच्या जागी असते.

टेकऑफसाठी धावपट्टीवर उभे राहिलात की ब्रेक सोडण्याआधी पलीकडचं टोक पाहा. ते काचेत कुठे येतं, दोन्ही कडा किती पसरट दिसतात, हे डोक्यात ठेवा. चाकं टेकताना डोळ्यांची उंची जवळपास हीच असणार. (सीट मात्र दर वेळी त्याच खाचेत हवी. उशी घेत असाल तर रोज तीच.)

उतरताना धावपट्टीची सुरुवात ओलांडेपर्यंत लक्ष टेकण्याच्या जागेवर आणि स्पीडवर. सपाट करायला लागलात की नजर लगेच पलीकडच्या टोकाकडे. जवळची जमीन नुसती पळताना दिसते, उंची कळत नाही. मग थ्रॉटल (इंजिनाची ताकद) बंद, आणि मघाचं चित्र जुळेपर्यंत योक (विमानाचं हँडल) हळूहळू मागे.

नाशिकच्या ओझर विमानतळासारखी रुंद धावपट्टी फसवते. आपण आहोत त्यापेक्षा खाली आलोय असं वाटतं आणि नाक लवकर उचललं जातं. त्यात नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी हवा विरळ, म्हणून जमीन जरा जास्तच वेगाने सरकते. तरी स्पीडच्या मीटरवर दिसतो तोच स्पीड धरा. सेसना १७२ ला फ्लॅप्स (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) लावून साधारण ६५ नॉट.

जोरात उसळी बसली तर नाक खाली दाबू नका. फुल थ्रॉटल, आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.