स्लिप एक्सेंट्रिक बसवताना आधी व्हॉल्व, मग कॉलर

पहिलंच वाफेचं मॉडेल करताय आणि ते पुढे-मागे दोन्हीकडे पळायला हवंय? मग व्हॉल्व हलवणारी आणि दिशा बदलणारी वॉल्शार्ट्स गिअर ही दांड्यांची रचना तूर्त बाजूला ठेवा. १८४४ सालची ती बेल्जियन रचना चाकांबाहेर हलताना देखणी दिसते खरी, पण ४५ मिमी गेजच्या इंजिनात तिच्या एकेका पिनचा ढिलेपणा थेट व्हॉल्वपर्यंत पोचतो. माझं मत स्लिप एक्सेंट्रिकला. दर सिलिंडरला एकच एक्सेंट्रिक, म्हणजे व्हॉल्व पुढे-मागे हलवणारी, केंद्राबाहेर भोक असलेली चकती; तीही अ‍ॅक्सलवर सैल.

व्हॉल्वला लॅप असतो, म्हणजे मधोमध असताना तो पोर्टांच्या (सिलिंडरकडे वाफ नेणाऱ्या फटींच्या) कडांपलीकडे थोडा जातो, म्हणून एक्सेंट्रिक क्रँकच्या ९० अंशांहून जास्त, धरा १२० अंश, पुढे हवा. उलट जाताना तेवढाच दुसऱ्या अंगाला. ३६० मधून हे दोन्ही वजा केले की मधला फरकही १२० अंशांचा. अ‍ॅक्सलवर घट्ट केलेल्या कॉलरची पिन एक्सेंट्रिकच्या खाचेत या दोन जागी अडते. इंजिन हाताने मागे ढकललं की चाकाच्या एक तृतीयांश फेऱ्यात पिन दुसऱ्या टोकाला टेकते. रिमोटने उलटं चालवायची हौस असेल तर मात्र हे कामाचं नाही.

स्टीम चेस्टचं, म्हणजे व्हॉल्वच्या पेटीचं, झाकण काढा. चाक एकाच दिशेने फिरवा. जरा मागे गेलं की पिन सुटते आणि मापं खोटी येतात. व्हॉल्व दोन्ही टोकांना गेल्यावर पोर्ट किती उघडतात ते बघा. पुढचा ०.४ मिमी जास्त उघडत असेल तर व्हॉल्व ०.२ सरकवायचा. स्पिंडलच्या (व्हॉल्वच्या दांडीच्या) एम-२ आट्यांचा पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, ०.४ मिमी, म्हणजे स्पिंडलला अर्धा फेरा. स्पिंडलच्या टोकाचा जोड (फोर्क) चपटा असला तर त्याहून कमी फेरा देताच येत नाही, तेव्हा उरलेल्याचा घोर नको.

आता कॉलर. वर्तमानपत्राची बारीक पट्टी पोर्टात घाला. व्हॉल्व ती दाबून धरतो. दट्ट्या टोकाला पोचताना पट्टी अलगद सुटायला हवी. दोन्ही टोकांना सारखाच उशीर होत असेल तर कॉलर फिरण्याच्या दिशेने किंचित पुढे घ्या. एकीकडे लवकर, दुसरीकडे उशिरा, असं झालं तर कॉलरला हात लावू नका, व्हॉल्वच परत बघा.

पुढे चोख आणि मागे जाताना दोन्ही टोकांना उशीर? खाच लांब झालीय, पितळेचा तुकडा डाख देऊन भरावा लागेल. म्हणून खाच आधी आखूडच ठेवा, कानस नंतर चालवता येते.

दोन सिलिंडरच्या इंजिनाने फेऱ्याला चार सारखे फुसकारे द्यायला हवेत. कॉम्प्रेसरच्या हवेवर, दोन्ही दिशांना, ते नीट ऐकू आले की मग बर्नर पेटवा.