महाराष्ट्रातून बेळगावात आलात? साठीनंतर स्टिअरिंग धरणाऱ्यांसाठी

आधी कागद उरकून घ्या. लायसन्स देशभर चालतं, ते बदलायची घाई नाही. एमएच पासिंगची गाडी मात्र 12 महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल, तर कर्नाटकाचा नंबर घ्यावाच लागतो. जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, निघतानाच काढा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही घ्या, नाहीतर कोल्हापूर-पुण्याच्या खेपा पडतात.

लोक अडकतात ते लायसन्सच्या तारखेत. वयाच्या 55 नंतर नूतनीकरण एका वेळी 5 वर्षांचंच होतं आणि दर वेळी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म 1-ए लागतो. मुदत संपल्यावरही 30 दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. अर्ज मुदतीआधी वर्षभर करता येतो. मग कशाला थांबायचं?

पाट्या कन्नडमध्ये, पण बरेच शब्द ओळखीचे. ‘अपघात वलय’, ‘कामगारी’ (म्हणजे काम चालू) हे सांगावं लागत नाही. अडवते ती लिपी. एवढे शब्द कन्नड लिपीत लिहून घेऊन डॅशबोर्डला चिकटवा: मुंदे म्हणजे पुढे, निधानवागि म्हणजे हळू, तिरुवु म्हणजे वळण, रस्ते उब्बु म्हणजे गतिरोधक, एडक्के डावीकडे, बलक्के उजवीकडे.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात आणि चिक्कोडी, निपाणी, गोकाकच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. ऊस मागे बाहेर आलेला, त्यात टेललाइट झाकलेली. लो बीममध्ये साधारण 40 मीटर दिसतं. ताशी 60 वर गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला 2 सेकंद लागले, तर ट्रॉली दिसेपासून 33 मीटर तसेच गेले, त्यापुढे थांबायला आणखी 20 तरी हवेत. गणित जमत नाही. ताशी 40 वर हीच बेरीज 32 च्या आत बसते. म्हणून अंधारात 40, आणि मोतीबिंदू सुरू झालेल्यांनी दिवेलागणीनंतर गाडी काढूच नये. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर नजर डावीकडच्या पांढऱ्या रेषेवर ठेवा.

हे एकेकट्याला सांगून उतरत नाही. मुलांनी सांगितलं तर भांडण होतं. गल्लीच्या मंडळातर्फे किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी तासभर बसा, दहा-बारा जण पुरे. भाषणाला पाहुणा बोलावू नका, तो दंडाचे आकडे वाचतो आणि मंडळी पेंगतात. मोजपट्टी आणा. उभ्या गाडीपासून 25 मीटर मोजा आणि दिवसाउजेडी, लागत असेल तर चष्मा लावून, एकेका डोळ्याने नंबर प्लेट वाचून बघा. अंतर लायसन्ससाठी तब्येतीबद्दल आपणच भरून द्यायच्या फॉर्म 1 मधलंच आहे. जो अडखळला त्याला कुणी हसायचं नाही, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं.

मग प्रत्येकाला सीटवर बसवा आणि मागे दोन्ही बाजूंना बादल्या ठेवून आरशात कुठली दिसत नाही ते दाखवा. मान वळत नसेल तर आरसे बाहेर वळवा, इतके की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसावी. रोजच्या गोळ्यांची यादीही आणायला सांगा. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी सुस्ती येते, हे मेडिकलवाला पाच मिनिटांत सांगतो.

हीच मंडळी हंगामाआधी ट्रॉलीवाल्यांकडे जाऊ शकतात. मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर टेप लावा: आधी चिखल-तेल पुसून, दोन्ही कडांना आणि खालच्या बाजूला. वर लावली तर उसाच्या वाढ्यांमागे जाते.