रामटेकला जाऊन राहिले असाल तर आधी मोजे घ्या

मागच्या वर्षी एप्रिलमधे बाबांना घेऊन रामटेकला गेलो होतो आणि कसं जायला नाही पाह्यजे ते सगळं करून आलो. यंदा परत जायचंय, काकूकडचेही विचारून राहिले की काय काय घ्यायचं, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

मोजे. सुती, जाड, प्रत्येकाला एक जोडी आणि म्हाताऱ्या माणसाला दोन. नायलॉनचे नको, ते पातळ असतात, चटका थेट आत येतो. गडमंदिरात, म्हणजे डोंगरावरच्या राम-लक्ष्मणाच्या देवळात, चपला काढाव्या लागतात हे कोणाला सांगायची गरज नाही, पण भर दुपारी तो दगड किती तापतो हे चपला काढल्यावरच कळतं. आमचे पोहे, डबे, सगळ्यांच्या आंघोळी करता करता साडेनऊ इथं नागपुरातच वाजले, मग कामठी, कन्हान, मनसर करत गडावर पोचलो तर ऊन डोक्यावर. पोरं उड्या मारत सावलीत पळाली, मीही पळाले. बाबा मात्र दोन्ही हात मागे बांधून, एकेक पाऊल पूर्ण टेकवत शांतपणे चालून राहिले होते, आणि मला वाटलं जुनी माणसं, पायाला सवय असेल. तसं नव्हतं. त्यांना वीस वर्षांची शुगर आहे, तळव्याची जाणीव कमी झाली, पाय भाजून राहिला हेच त्यांना कळलं नाही. रात्री घरी ओल्या फडक्यानं पाय पुसायला घेतले तर अंगठ्याखाली आणि टाचेला रुपयाएवढे फोड, पाण्यानं टम्म, आणि बाबा म्हणतात काही दुखत नाही बेटा. भरायला दीड महिना लागला, एक दिवसाआड ड्रेसिंग. असा फोड फोडायचा नाही, हळद-टूथपेस्ट काही थापायचं नाही, लगेच डॉक्टरला दाखवायचा. घरात कोणाला शुगर असेल तर हा पॅरा कृपा करून परत वाचा.

मोजे गाडीतच घालून वरून सँडल चढवा, कारण चपला काढायच्या जागी बसायला मिळत नाही आणि गर्दीत म्हातारा माणूस एका पायावर उभा राहून मोजा चढवू शकत नाही. गुळगुळीत पायरीवर मोज्यानं पाय सरकतो हेही खरंय, म्हणून तळाला रबराचे ठिपके असलेले मिळाले तर तेच घ्या, नाही तर हात धरा. देवळात मोजे चालतात का म्हणून आई अडून बसली होती, तर नंतर आम्ही अदासाच्या गणपतीला आणि धापेवाड्याच्या विठोबाला मोजे घालूनच गेलो, कोणी हटकलं नाही.

आता वेळ. साडेपाचला घर सोडा. पन्नासेक किलोमीटर आहे, सातच्या आसपास गडावर असाल आणि दहाच्या आत खाली. पोहे घरी करत बसू नका, रात्रीच डबा भरा नाही तर वाटेत खा, तर्रीच्या नादात आमचा तास गेला होता. आणि नवतपात तर जाऊच नका बाप्पा, २५ मे नंतरचे ते नऊ दिवस म्हाताऱ्यांना अन् लेकरांना बाहेर काढायचे नाहीतच. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, त्यात कोणाचा हट्ट चालवून घ्यायचा नाही.

पाणी माणशी तीन लिटर धरा. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. शुगरवाल्यांना प्यायला साधं पाणी आणि ताक. दुपट्टा डोक्याला, कानाला गुंडाळून, नुसता गळ्यात टाकून उपयोग नाही. कांदा खिशात ठेवायचा तर ठेवा, आईच्या समाधानासाठी मीही ठेवते, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी पिऊ नका.

औषधं अंगावरच्या पिशवीत, गाडीत नाही. बंद गाडी भट्टी होते आणि इन्सुलिन त्यात खराब होतं, ते थंड राहील अशा थर्मासमधे न्या, पण बर्फाला चिकटून नको. शुगरची गोळी घेतली की खाणं वेळेवर, दर्शनाच्या रांगेत अडकलो तर खिशात बिस्किटाचा पुडा पाह्यजेच.

वांदरं. प्रसाद उघडा धरायचा नाही, प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की ओढलीच समजा. लहान लेकराच्या हातात खाऊ देऊ नका. चष्म्याला दोरी बांधा. मोज्यांची पिशवीही कापडाची ठेवा, नाही तर तीच जाईल आणि परत उघड्या पायानं यावं लागेल.

वर गेल्यावर घाई करू नका, राम-लक्ष्मणाच्या देवळांआधी वाटेतला वराह आणि दोन्ही नरसिंह पहा, दीड हजार वर्षांचं वाकाटक राजांच्या काळातलं काम आहे आणि लोक समोरून निघून जातात. कालिदास स्मारक उतरताना. खाली शांतिनाथाच्या जैन मंदिरातही चपला काढायच्या आहेत, तोवर ऊन चढलेलं असतं, म्हणजे मोजे परत लागतात, म्हणून ते गाडीत काढून ठेवू नका, बाबांचे तर घरी येईपर्यंत काढायचेच नाहीत, ओले झाले तर दुसरी जोडी.

खिंडसी तलावात बोटिंग करायचं तर सकाळीच, लाईफ जॅकेट घालून. जवळच्या नगरधनचा किल्ला उन्हाळ्यात सोडा, सावली नाही, थंडीत जा. नगरधन वाकाटकांची राजधानी होती, तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मुद्रा सापडली, ते असं घामाघूम होऊन पाहायचं ठिकाण नाही. अंबाळा तलाव जमला तर.

जेवण, पेट्रोल, सुटे पैसे तुमचं तुम्ही पहा. बाराला परतीला लागा.

घरी आल्यावर शुगरवाल्याचे दोन्ही तळवे ट्यूबलाईटखाली पहा, बोटांच्या मधेही, दुखत नाही म्हणाले तरी पहा. आणि मोजे धुऊन वाळले की परत गाडीतल्या पिशवीत टाका, कपाटात नको.