मिरगाआधी व्हीएम माडीवर चढवताना

चिपळुणात जुलै २०२१ मध्ये पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून पतपेढीच्या तळमजल्यावरच्या सर्व्हरमधली व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने चालणारे आभासी संगणक) मी मिरगाआधीच माडीवरच्या होस्टवर, म्हणजे ती चालवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर नेतो, चालू असतानाच. या हलवण्यालाच मायग्रेशन म्हणतात.

त्यासाठी लिनक्सवरचं केव्हीएम-लिबव्हर्ट (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एक नीट समजून घ्या. दोन्ही होस्ट एसएसएचने (कूटबद्ध जोडणीने) जोडलेत म्हणजे सगळं झाकलं गेलं, असं नाही. त्यातून फक्त हुकूम जातात. मशीनची मेमरी, तिच्यातल्या पासवर्डांसकट, एरवी ४९१५२ पासूनच्या पोर्टवरून उघडीच जाते. म्हणून मायग्रेशनला टीएलएसचा (वाटेतला डेटा कूटबद्ध करण्याचा) पर्याय द्यायचाच. दोन्ही होस्टना एकाच सीएची (सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे ओळख प्रमाणित करणाऱ्याची) सर्टिफिकेटं घाला. त्यांवरचं नाव होस्टच्या नावाशी जुळायला हवं, घड्याळंही बरोबर हवीत. फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त समोरच्या होस्टच्या आयपीला उघडा.

प्रोसेसर वेगळे असतील तर होस्ट-पासथ्रू (होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा मशीनला दाखवणं) नको, दोघांना झेपेल असं सीपीयू मॉडेल निवडा. सामायिक स्टोरेज नसेल तर डिस्कही कॉपी करायला सांगावी लागते. वेळ हाताशी ठेवा.

पोस्ट-कॉपी (मशीन आधी नव्या होस्टवर सुरू करून उरलेली मेमरी मागाहून आणणं) मात्र आमच्याकडे नकोच. पावसात लाइटीचा भरवसा काय? मध्येच स्विच बंद पडला तर मशीन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. प्री-कॉपीत (आधी मेमरी, मग मशीन) ते जुन्या होस्टवर चालूच राहतं, लाइट आली की पुन्हा सुरुवात करायची.